पागेचा जमाखर्च

मराठी माणूस ज्या ज्या प्रांती जाऊन स्थायिक झाला, तेथे तेथे त्याच्याबरोबर घोडा गेला. किंबहुना घोड्यामागून तो गेला, असे म्हणणेच अधिक यथार्थ होईल. नर्मदा ओलांडून माळव्यात उतरलेल्या आणि पुढे ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथे वाडे बांधून राहिलेल्या आपल्या पूर्वजांच्या संसारात देवघराच्या खालोखाल महत्त्व होते ते पागेला. आज त्या पागा दिसत नाहीत. परंतु शब्द मोठे चिवट असतात. इंदुरातील ‘पागनीस पागा’ ही वस्ती अद्याप ते नाव मिरविते. पुण्यात पेशव्यांची खासगी पागा जेथे होती त्या जागेवर न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक आदी मंडळींच्या खटपटीतून १८८४ साली निघालेली मुलींची शाळा स्थिरावली. शाळेचे कागदोपत्री नाव काहीही असो, लोकांच्या तोंडी ती ‘हुजूरपागा’च राहिली. हैदराबादच्या सुप्रसिद्ध पायगा उमरावांचे नावही याच शब्दाच्या कुळातले. निजामाच्या खास घोडदळाच्या पोषणासाठी त्यांना जहागिरी तोडून दिलेल्या होत्या.

नावे राहिली, घोडे गेले, आणि घोडे राखण्यासाठी जी व्यवस्था लागते तिची आठवणही पुसट झाली. म्हणूनच अश्वारोहणाची शाळा चालविणारी एखादी संस्था रुग्णालयाच्या किंवा अपंग मुलांच्या मदतीसाठी घोड्यांचे प्रदर्शन भरविते असे वाचनात आले, की आपल्यापैकी पुष्कळांना तो श्रीमंतांचा हौशी उद्योग वाटतो. घोडा महाग, स्वार श्रीमंत, तिकीट काढणारेही सुखवस्तू. मग त्यात दान ते कोठे आले, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न अवाजवी नाही. मात्र त्याचे उत्तर शोधण्यासाठी परदेशाकडे पाहण्यापूर्वी आपल्याच पागेचा जमाखर्च एकदा डोळ्यांखालून घालावा, असे आम्हांस वाटते. आमची उमेदीची वर्षे सरकारी कचेरीत वह्या तपासण्यात गेली. त्यामुळे कोणत्याही शोभेच्या गोष्टीमागे तिची खतावणी शोधण्याची खोड जडली आहे. घोड्याच्या बाबतीत ती खतावणी एका प्रश्नाने उघडते: घोडा कोणाचा, आणि त्याच्या वैरणीचा भार कोणावर?

शिवकालीन घोडदळाची रचना याच प्रश्नावर उभी होती. ज्यास घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर. जो स्वतःचा घोडा व शस्त्र घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. सभासदाच्या बखरीत पागेची मांडणी दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांचा एक हजारी, पाच हजारींवर एक पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत. ही उतरंड आपण शाळेत पाठ केलेली असते. त्याच ठिकाणी आलेला दुसरा तपशील मात्र सहसा लक्षात राहत नाही, तो असा की, दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पाणी आणि नाल या दोन गोष्टींवाचून घोडा उभा राहू शकत नाही, हे ज्या राज्यकर्त्याने ओळखले त्याने त्यांची तजवीज सेनापतीच्या मर्जीवर न सोडता रचनेतच करून ठेविली. पावसाळ्यात लष्कर छावणीस येई तेव्हा दाणा, वैरण आणि औषधे यांचा साठा आधीच केलेला असे. दसरा झाला की फौज मोहिमेस निघे.

या व्यवस्थेमागील मन कसे होते हे पाहावयाचे असेल तर महाराजांनी सन १६७३च्या सुमारास चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना पाठविलेले पत्र वाचावे. इतिहासप्रेमी वाचकांना ते परिचित आहेच. रयतेच्या भाजीपाल्याला हात लावू नका, ही त्यातील ताकीद वारंवार सांगितली जाते, आणि ती तशी सांगितली जावी हे योग्यच आहे. परंतु ते पत्र मुळात पागा कशी चालवावी याचे पत्र आहे. साठवलेला दाणा आणि वैरण हिशेबाने वाटा. आज हाताशी आहे म्हणून मन मानेल तसे खर्चाल तर भर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरू लागतील आणि ती तुम्हीच मारिली असे होईल. मग उपाशी लष्कर रयतेकडे वळेल, असा त्यातील युक्तिवाद आहे. पुढे आगीविषयी इशारा आहे. कोणी गवताच्या गंजीजवळ चूल पेटवील, कोणी चिलीम ओढील, कोणी दिवा तसाच ठेवून झोपेल आणि उंदीर जळती वात ओढून नेईल. गंजीला आग लागली तर एक घोडे वाचणार नाही. स्वराज्य उभारण्याच्या धामधुमीत असलेला राजा उंदराचा आणि वातीचा विचार करीत होता. वैरण संपली की अन्याय सुरू होतो, हे या पत्राचे सार आहे. आणि आमच्या मते घोड्यांशी संबंधित प्रत्येक संस्थेच्या कार्यालयात ते लावून ठेवण्याजोगे आहे.

शिलेदारीचा प्रकार याहून निराळा. तेथे वैरणीचा भार स्वारावर. ही पद्धत मराठेशाहीबरोबर संपली नाही. इंग्रजांनी हिंदुस्थानी घोडदळाच्या अनेक पलटणींत ती ‘सिल्लेदार’ या नावाने उचलली आणि शंभर वर्षांहून अधिक काळ चालविली. भरती होणाऱ्या स्वाराने ‘असामी’ म्हणून रक्कम भरावयाची. तीतून त्यास घोडा व सरंजाम मिळे. पुढे पगारातूनच त्याने स्वतःचे व घोड्याचे पोट भरावयाचे. घोडा मेला तर एकट्या स्वाराचे कंबरडे मोडू नये म्हणून पलटणीत ‘चंदा’ निधी असे. सर्वांच्या वर्गणीतून त्याला दुसरा घोडा मिळे. शांततेच्या काळात ही रचना उत्तम चालली. पहिल्या महायुद्धात मात्र घोडे इतक्या झपाट्याने कामी येऊ लागले की चंदा पुरा पडेना. युद्धानंतर हिंदुस्थानी घोडदळाच्या ३९ पलटणी कमी करून २१ करण्यात आल्या, तेव्हा सिल्लेदारी पद्धतही बंद झाली. नित्याचा खर्च भागविणारी व्यवस्था अनित्य संकटाला पुरत नाही, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

सरकारची पागा झाली, स्वाराची शिलेदारी झाली. घोडा पोसण्याची तिसरी रीत म्हणजे प्रेक्षकाच्या तिकिटावर घोडा पोसणे, आणि ही रीत हिंदुस्थानात रुजविणारा पुरुष मराठी होता, याचा आपणांस सार्थ अभिमान वाटावा. विष्णुपंत छत्रे मूळचे सांगलीकडील अंकलखोपचे. गाणे शिकण्याच्या ओढीने ते ग्वाल्हेरला आले आणि तेथे हद्दूखाँसाहेबांकडे गायनाची, तर बाबासाहेब आपटे यांच्याकडे अश्वविद्येची तालीम त्यांना मिळाली. एकाच शहरात ख्यालाची आणि चाबूकस्वारीची शागिर्दी करता यावी, हे त्या काळच्या ग्वाल्हेरचे वैभव होते. पुढे विष्णुपंत कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या पदरी घोडे शिकविण्याच्या कामावर राहिले. मुंबईत कियारिनी या इटालियनाच्या सर्कशीचे खेळ झाले तेव्हा तेथील घोड्यांची कामे पाहून विष्णुपंतांनी स्वतः तसे करून दाखविण्याची ईर्ष्या धरली, अशी हकिकत सांगितली जाते. १८८० साली त्यांची ‘ग्रँड इंडियन सर्कस’ उभी राहिली. कुरुंदवाडच्या पागेतील विद्या तिकीट काढणाऱ्या सामान्य माणसापुढे आली.

या सर्कशीचा येथे उल्लेख करण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते ग्वाल्हेरकरांना विशेष जवळचे वाटेल. हद्दूखाँसाहेबांचे चिरंजीव रहिमतखाँ म्हणजे असामान्य गळ्याचा गवई. परंतु मनाचा तोल ढळलेला, स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ. गुरुपुत्र विपन्नावस्थेत असल्याचे कळताच विष्णुपंतांनी त्यांना आपल्याजवळ आणले, सांभाळले आणि सर्कशीच्या दौऱ्यांबरोबर गावोगाव नेऊन त्यांचे गाणे लोकांना ऐकविले. १९०५ साली विष्णुपंत वारले. त्यानंतर त्यांचे बंधू काशीनाथपंत यांनीही ती जबाबदारी टाकली नाही. १९२२ साली रहिमतखाँ निवर्तले ते कुरुंदवाड येथेच. ग्वाल्हेर गायकीचा एक अमोल स्वर घोड्यांच्या खेळाच्या मिळकतीवर जगला. या दानाला कोणी समारंभ केला नाही, पावत्या फाडल्या नाहीत. पण घोड्याच्या खेळातून आलेला पैसा कोणत्या मोलाच्या गोष्टीला लावता येतो याचे याहून सुंदर उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. लक्षात घेण्याची गोष्ट इतकीच, की हे दान शक्य झाले ते सर्कशीची घोडी धडधाकट होती, त्यांचा दाणापाणी चुकत नव्हता आणि खेळ रोज उभा राहत होता म्हणून.

जे कार्य छत्रे बंधूंनी घरच्या कर्तव्याच्या भावनेने केले, त्याला समाजाच्या पातळीवर संस्थेचे रूप देण्याचा प्रयोग त्याच सुमारास सातासमुद्रांपलीकडे चालू होता. अमेरिकेत न्यूयॉर्क येथे १८८३ पासून राष्ट्रीय अश्वप्रदर्शन भरू लागले. १८९६ साली फिलाडेल्फिया शहराबाहेरील डेव्हन या उपनगरात एक दिवसाचे प्रदर्शन झाले. त्या काळी मोटार नुकतीच कोठे दिसू लागली होती. गाडीला जुंपण्याची उत्तम घोडी परिसरात निपजावीत, एवढाच त्यामागील हेतू. दानाशी त्याचा संबंध नव्हता. तो जडला १९१९ साली. महायुद्ध नुकतेच संपले होते. जवळच्या ब्रिन मॉर या गावचे रुग्णालय १८९३ पासून लोकाश्रयावर चालले होते. डेव्हनच्या चालकांनी प्रदर्शनाला ग्रामीण जत्रेची जोड दिली आणि मिळकत त्या रुग्णालयाला देण्याचे ठरविले. तेव्हापासून हा नेम चालू आहे. मे महिन्याच्या अखेरीस ते निळे लाकडी प्रेक्षागार फुलून जाते, आणि आजवर या उपक्रमातून रुग्णालयास दीड कोटीहून अधिक डॉलर मिळाले आहेत.

डेव्हनची रचना बारकाईने पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. तेथे दोन अंगे आहेत. रिंगणातील स्पर्धा हे एक अंग. तिला पंच लागतात, पशुवैद्य लागतो, नालबंद लागतो, वाळूची मशागत करणारे हात लागतात, बक्षिसे लागतात. स्पर्धकांनी भरलेले शुल्क, तबेल्याचे भाडे आणि आश्रयदात्यांच्या देणग्या यांतून मुख्यत्वे हा भार निघावा अशी अपेक्षा. जत्रा हे दुसरे अंग. तेथे परिसरातील कुटुंबे, विशेषतः स्त्रिया, विनावेतन राबतात. लिंबाच्या फोडीत साखरेची कांडी खोवून विकतात, घरगुती मिठाई विकतात, चहापाणी देतात. या पालांना मजुरी द्यावी लागत नाही म्हणून त्यांची मिळकत दानास उरते. रिंगणातील डौलदार घोडा लोकांना बोलावून आणतो, आणि रुग्णालयाची खाट भरते ती पालावर उभ्या राहिलेल्या स्वयंसेविकेच्या श्रमातून. आपल्याकडील गणेशोत्सवाच्या किंवा आनंदमेळ्याच्या कार्यकर्त्यांना हे गणित नव्याने सांगावयास नको.

इंग्लंडमधील विंडसरचे उदाहरण याहून नाट्यमय. १९४३ साली दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना विंडसर राजवाड्याच्या खासगी उद्यानात अश्वप्रदर्शन भरविण्यात आले. युद्धविमानांसाठी निधी उभारण्याची ‘विंग्ज फॉर व्हिक्टरी’ नावाची मोहीम देशभर चालू होती, तिच्यासाठी हे प्रदर्शन. राजे सहावे जॉर्ज सहकुटुंब हजर होते. प्रदर्शनातून ३,९१,१९७ पौंड उभे राहिले आणि त्यांतून ७८ टायफून विमानांची तरतूद झाली, अशी नोंद आहे. भागाकार केला तर एका विमानास पाच हजार पौंडांच्या आसपास रक्कम पडते. ज्या प्राण्याला रणांगणावरून यंत्राने हुसकावून लावले होते, त्यानेच यंत्रासाठी वर्गणी गोळा करून दिली, हा इतिहासाचा विनोद म्हणावा की घोड्याचे औदार्य? असो. राणी एलिझाबेथ यांनी राजकन्या असल्यापासून या प्रदर्शनाशी जडलेला संबंध अखेरपर्यंत राखला. २०२२ च्या मे महिन्यात, निधनाच्या अवघ्या चार महिने आधी, त्या तेथे आल्या होत्या.

आता ज्या प्रश्नाने आपण आरंभ केला त्याकडे वळू. अशा संस्थेला खर्च तरी किती असतो? रुपयांचे आकडे गावागणिक आणि वर्षागणिक बदलतात, म्हणून आम्ही ते देत नाही. मात्र घोड्याचे पोट सर्वत्र सारखेच असते. ४५० ते ५०० किलो वजनाच्या घोड्यास दिवसाकाठी ८ ते १० किलो कोरडी वैरण लागते. काम करणाऱ्या घोड्यास त्याशिवाय चंदी. पाणी २५ ते ४० लिटर, उन्हाळ्यात त्याहून अधिक. रोज १५ ते २० किलो लीद उचलून तिची विल्हेवाट लावावी लागते. सहा ते आठ आठवड्यांनी नाल बदलावे लागतात. पोटशूळ उठला तर मध्यरात्रीही वैद्यास बोलवावे लागते. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटाचे दुखणे पाहता पाहता जिवावर बेतते. वीस घोड्यांच्या लहानशा शाळेस वर्षाला वैरणच साधारण ६५ टन लागेल. त्यावर मोतद्दार, चाबूकस्वार, खोगीर-लगामाची दुरुस्ती, जागेचे भाडे आणि विमा. शिवाय घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो आणि खोगिराखाली त्यातली फार तर पंधरा-सोळा जातात. म्हातारपणच्या वर्षांची वैरण कोणाच्या खात्यावर टाकावयाची, हा प्रश्न ज्या संस्थेने आधी सोडविला नाही तिची दानशूरता आम्ही संशयाने पाहू.

‘घोडा का अडला, भाकरी का करपली’ या आपल्या जुन्या उखाण्याचे उत्तर एकच: न फिरविल्याने. घोडा बांधून ठेवून चालत नाही. प्रदर्शन असो वा नसो, त्याला रोज फिरवावे लागते, म्हणजेच त्याच्यासाठी रोज माणूस लागतो. २०२०च्या साथीत डेव्हन आणि विंडसर या दोन्ही ठिकाणची प्रदर्शने रद्द झाली. तिकिटे थांबली, पाले उठली. पण तबेल्यांतील घोड्यांना टाळेबंदी ठाऊक नव्हती. जगभरच्या अश्वशाळांना त्या वर्षी महाराजांच्या चिपळूणच्या पत्रातील मर्म नव्याने कळले असेल. वर्षातले पाच-दहा दिवस दान करावयाचे तर उरलेले साडेतीनशे दिवस कोणीतरी वैरण भरलेली असावी लागते.

येथे कायद्यानेही एक मार्मिक प्रश्न विचारून ठेविला होता, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. इंग्लंडमध्ये १९१६ साली करमणुकीवर कर बसला. मुंबई इलाख्यात तसा कायदा १९२३ साली आला. ज्या खेळाचे संपूर्ण उत्पन्न धर्मादाय कार्यास जाते त्यास करातून सूट देण्याची तरतूद दोन्हीकडे होती. अट मात्र अशी, की त्या उत्पन्नातून खर्चापोटी काहीही वजा करता कामा नये. ज्यांनी अशा प्रकरणांच्या फायली हाताळल्या आहेत त्यांना या अटीची धार ठाऊक आहे. नाटक असो, गायन असो वा घोड्यांचा खेळ असो. ‘रुग्णालयाच्या मदतीसाठी’ असा फलक लावावयाचा, तंबू, बँड, जेवणावळी आणि सत्कार यांवर सारी जमा उडवावयाची आणि शेवटी रुग्णालयाच्या हाती एक लहानशी थैली समारंभपूर्वक ठेवावयाची, हा प्रकार नवा नाही. कायदा अशा आयोजकास विचारी: खर्च तुम्ही दुसरीकडून भागविला आहे काय? भागविला असेल तर हे दान. नसेल तर ही तुमचीच करमणूक, आणि तिच्यावर कर भरा. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांचा करमणूक कर त्यात विलीन झाला. तरतूद इतिहासजमा झाली. प्रश्न मात्र आयोजकाने स्वतःस विचारण्याजोगा आहे.

दानाची आणखी एक तऱ्हा अशी आहे की जीत पैसा दुय्यम आणि घोडाच दाता ठरतो. डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंना १९४४ साली पोलिओ झाला आणि गुडघ्यांखाली पाय निकामी झाले. इतरांनी उचलून खोगिरावर बसवावे लागे, अशा स्थितीत त्यांनी पुन्हा अश्वारोहण आरंभिले. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या घोड्याच्या चालीच्या स्पर्धेत स्त्रियांना प्रथमच प्रवेश मिळाला, आणि लिस हार्टेल यांनी पुरुषांच्या बरोबरीने उतरून रौप्यपदक मिळविले. चालू न शकणारा मनुष्य घोड्याच्या चार पायांनी चालतो, त्या चालीच्या हेलकाव्याने त्याच्या कमरेला, पाठीला व्यायाम मिळतो, हे त्या उदाहरणाने जगाच्या मनावर ठसले. ब्रिटनमध्ये अपंगांना अश्वारोहण शिकविणारी राष्ट्रीय संघटना १९६९ साली स्थापन झाली. अशा कामाला शांत स्वभावाचा, बहुधा प्रौढ झालेला घोडा लागतो. शर्यतीतून किंवा स्पर्धेतून निवृत्त झालेल्या एखाद्या जनावराला त्यात दुसरे आयुष्य मिळू शकते. निवृत्तांची उपयुक्तता आम्हांस विशेष पटावी, हे ओघानेच आले.

आपल्या देशात हे कार्य कोठवर आले आहे? मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानात अॅमॅच्युअर रायडर्स क्लब १९४२ पासून मुलांना घोड्यावर बसविण्याचे काम करीत आला आहे. परंतु ज्या जमिनीवर हे चालते तिचा ९९ वर्षांचा पट्टा १९१४ पासूनचा. तो २०१३ मध्ये संपला. बऱ्याच वादानंतर २०२४ मध्ये सुमारे १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी घेऊन उरलेली ९१ एकर शर्यतींच्या संस्थेकडे ठेवण्याचा तोडगा निघाला. मुंबईसारख्या शहरात गरिबाच्या मुलाला खेळावयास हिरवळ हवी, हा आग्रह चुकीचा कसा म्हणावा? ज्या अश्वसंस्था केवळ सभासदांपुरत्या राहिल्या, त्यांना समाजाने उद्या जागेचा हिशेब विचारला तर आश्चर्य नाही. लोकांना आत घेणे, त्यांच्या मुलांना रिकिबीत पाय ठेवू देणे आणि शहराच्या दुःखाला काही देणे, हाच अशा संस्थांचा खरा पट्टा आहे.

दुसरीकडे आमच्या मध्य प्रदेशातून एक आनंदाची वार्ताही सांगण्याजोगी आहे. भोपाळ येथे राज्य शासनाची घोडेस्वारी अकादमी आहे. तेथे घोडा सरकारचा आणि स्वार गुणवान, मग तो कोणत्याही घरचा असो. ही आपली बारगिरीच होय. आणि २०२३ च्या सप्टेंबरात चीनमधील हांगझाऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक मिळविले, त्या चौघांत इंदूरची सुदीप्ती हजेला होती. अश्वारोहणातील हे सुवर्ण १९८२ च्या दिल्लीनंतर ४१ वर्षांनी आले. या खेळाडूंना सरावासाठी युरोपात राहावे लागले, कारण येथील घोडे परदेशी स्पर्धांसाठी ने-आण करणे रोगप्रतिबंधक निर्बंधांमुळे अतिशय कठीण आहे. त्यांच्या बाबतीत घोड्याचा भार बव्हंशी कुटुंबांनी उचलला. ही शिलेदारी. दोन्ही जुन्या वाटा नव्या वेषात चालू आहेत, आणि तिसरी, लोकाश्रयाची वाट रुंद झाल्याखेरीज सामान्य घरचे मूल या खेळात फार पुढे जाणार नाही.

आपल्या जुन्या घराण्यांपैकी काहींच्या हाती अद्याप मोकळ्या जागा आहेत, न्यास आहेत, देवस्थानांच्या आणि शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणीत वजन आहे. पागांच्या जागी इमारती उठल्या याचे आम्ही रडगाणे गाणार नाही. हुजूरपागेत घोड्यांऐवजी मुली शिकल्या, यात पागेचे भाग्यच उजळले. तथापि ज्यांना पूर्वजांच्या अश्वविद्येचा अभिमान आहे, त्यांनी तलवारी आणि पगड्या मिरवणुकीत दाखविण्यापलीकडे जाऊन चार घोड्यांची एक लहानशी शाळा काढावी. शहरातील अपंग मुलांसाठी आठवड्याचे दोन दिवस राखून ठेवावेत. आणि वर्षातून एकदा एखाद्या रुग्णालयासाठी किंवा वसतिगृहासाठी खेळ करावेत. एकाच घराण्याला हा भार पेलणार नाही. पलटणीच्या चंद्यासारखा दहा-वीस घरांचा निधी त्यामागे हवा, आणि तो संकटाच्या वर्षालाही पुरेल एवढा हवा.

क्रम मात्र चुकू नये. आधी वर्षभराची वैरण, मग पखालजी आणि नालबंद, मग म्हाताऱ्या घोड्याची सोय, आणि त्यानंतर रिंगण, निशाणे आणि पाहुणे. प्रदर्शनाच्या दिवशी जमलेल्या पैशाला खर्चासाठी हात लावावा लागणार नाही, अशी तजवीज ज्या पागेने आधी केली असेल, तिचा खेळ पाहावयास आपण सर्वांनी तिकीट काढून जावे. तेथे दानाची पावती फाडण्यापूर्वी तबेल्याच्या मागील बाजूस जाऊन गंजी केवढी आहे ते पाहून यावे, एवढीच आमची विनंती.